आधी तळ, मग तकाकी

अमेरिकेच्या महामार्गांवर मोटारीच्या मागे जोडलेली रुपेरी, गोलसर फिरती घरे अनेकांनी चित्रपटांतून पाहिली असतील. वॅली बायम यांनी १९३० च्या दशकात नावारूपाला आणलेल्या 'एअरस्ट्रीम' ट्रेलरचे हे घराणे. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवण्यासाठी 'नासा'ने याच बनावटीच्या ट्रेलरचे रूपांतर केले होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर विकत घेऊन ते पुन्हा राहण्याजोगे करण्याचा छंद आज तेथे चांगलाच रुजला आहे. छंद देखणा आहे. परंतु त्यातील खर्चाचा क्रम बहुधा उलटा लागतो. आधी पत्रा घासून आरशासारखा केला जातो, पडदे आणि गाद्या निवडल्या जातात. वीज, पाणी आणि गॅस यांचा विचार उरलेल्या पैशांत होतो. हा क्रम बदलला पाहिजे.

याचे कारण या ट्रेलरच्या रचनेतच आहे. खाली पोलादी चौकट, तिच्यावर प्लायवूडची जमीन आणि वर रिव्हेटांनी जोडलेले ॲल्युमिनियमचे कवच. प्लायवूडच्या कडा कवच आणि चौकट यांच्यामध्ये दाबलेल्या असतात. खिडक्यांच्या किंवा मागील बाजूच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की याच कडा कुजतात, कवचाची पकड सुटते आणि मागचा भाग चौकटीपासून विलग होऊ लागतो. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. वर कितीही तकाकी असली, तरी जमीन बदलण्यासाठी आतील सर्व फर्निचर, आणि अनेकदा संपूर्ण कवचच, उचलावे लागते. आधी केलेली सजावट अशा वेळी वाया जाते.

जमिनीचा प्रश्न पाण्याच्या व्यवस्थेशीही निगडित आहे. जुन्या अनेक ट्रेलरमध्ये मोरीच्या सांडपाण्यासाठी टाकीच नव्हती. ते पाणी सरळ बाहेर सोडले जाई. आता बहुतेक मुक्कामस्थळी त्यास मनाई असते. म्हणजे नवी टाकी हवी, आणि तिची जागा जमिनीखाली, चौकटीच्या दांड्यांमध्ये. शिवाय दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. ते आसाच्या कोणत्या बाजूला पडते, यावर ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहील की डोलू लागेल, हे अवलंबून असते.

विजेच्या बाबतीत तर गाठ जिवाशी आहे. मुक्कामस्थळी सामान्यतः १२० व्होल्ट, ३० अँपिअरची जोडणी मिळते. म्हणजे सुमारे ३,६०० वॅट. प्रवासात मात्र भिस्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. दिवे आणि पाण्याचा पंप तीवर निश्चिंत चालतील. दीड हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र तिला तासाभराच्या आत रिकामे करील. हा साधा गुणाकार न करताच यंत्रे विकत घेणारे कमी नाहीत. त्याहून गंभीर बाब अर्थिंगची. संपूर्ण घरच धातूचे असल्यामुळे एखादी झिजलेली तार कवचाला टेकली आणि अर्थिंग सदोष असले, तर दाराची कडी धरणाऱ्याला विजेचा धक्का बसू शकतो. गॅसचेही तसेच. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणूनच त्याचा सूचक छताला नव्हे, तर खाली बसवावा लागतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा सूचकही तितकाच आवश्यक.

यावर कोणी म्हणेल, छंदात एवढा हिशेब कशाला? डोळ्यांना दिसणारी प्रगती उमेद टिकवते, हे खरेच आहे. तथापि, उमेदीच्या भरात झाकलेली जुनी तार पुढे कोणाच्याच नजरेस पडत नाही. मालकाच्याही नाही आणि उद्या तो ट्रेलर विकत घेणाऱ्याच्याही नाही. त्या घरात निजणारी मुले मात्र तिच्याच भरवशावर निजतात.

यातून निघणारा नियम सोपा आहे. जमीन उघडून पाहिल्याशिवाय अंदाजपत्रक अंतिम करू नये. चौकट, आस, जमीन, टाक्या, वायरिंग आणि गॅसनळी यांची तरतूद प्रथम करावी. वीज व गॅसचे काम जाणकाराकडून तपासून घ्यावे. अनपेक्षित खर्चासाठी काही रक्कम राखून ठेवावी आणि उरलेल्या पैशांत सजावट करावी. पैसे अपुरे पडलेच, तर पडदे एक वर्ष थांबू शकतात. अर्थिंग थांबू शकत नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी बँकेचा उंबरा चढणाऱ्या प्रत्येकालाही हाच क्रम लागू पडतो. रंग केव्हाही देता येतो. पण भिंतीआडचे काम एकदाच नीट करून घेणे, हीच खरी काटकसर होय.