‘पुरंबोक्कू’ म्हणजे निरुपयोगी नव्हे

तामिळनाडूच्या महसूल दप्तरात ‘पुरंबोक्कू’ हा एक जुना शब्द आहे. ज्या भूमीवर खासगी मालकी नाही व जिच्यावर शेतसारा बसत नाही, अशा नदीपात्र, तळे, कुरण, खाजण यांसारख्या जमिनींना तो लावला जाई. आजच्या बोलीभाषेत मात्र हा शब्द निरुपयोगी माणसाला उद्देशून शिवीसारखा वापरला जातो. सार्वजनिक भूमीवरील निसर्गाचा ऱ्हास कसा होतो, हे या अर्थांतरातून उमगते. चेन्नईच्या अड्यार परिसरात त्याचा पुरावा जागोजागी आढळतो.

अड्यार नदीच्या दक्षिण तीरावरील थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण उद्यान १८८२ पासून एका संस्थेच्या मालकीचे आहे आणि त्यातील वृक्षराजी टिकून आहे. उत्तरेकडील खाडी सरकारी होती. तिच्यात राडारोडा पडत गेला आणि इमारती उभ्या राहिल्या. नागरी संघटनांनी न्यायालयाची दारे ठोठावली. त्यानंतर ५८ एकरांचा पट्टा पुनरुज्जीवित होऊन २०११ मध्ये खुला झाला. जवळच्या गिंडीच्या राखीव वनातून १९५० च्या दशकाअखेरीस आयआयटीसाठी जागा देण्यात आली. उरलेल्या सुमारे २.७ चौरस किलोमीटरला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडील पळ्ळीकरणै दलदलीवर कचराभूमी, रस्ते, माहिती-तंत्रज्ञान संकुले आणि संशोधन संस्थाही आल्या. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा मान मिळाला, तेव्हा मूळ दलदलीचा बराचसा भाग नाहीसा झाला होता. विज्ञानसंस्थाही या भूमीच्या लाभार्थी ठरल्या, हे विज्ञानक्षेत्राने विसरू नये.

पाणथळ जागा बुजवण्याच्या समर्थनार्थ डासांचे कारण हमखास पुढे केले जाते. कीटकशास्त्र मात्र वेगळे सांगते. शहरी हिवतापाचा वाहक ॲनाफिलीस स्टेफेन्सी विहिरींत व छतांवरील टाक्यांत वाढतो. डेंग्यूचा वाहक एडीस इजिप्ती पिंपे, कुंड्या व टाकाऊ टायरमधील पाण्यात अंडी घालतो, तर क्युलेक्स क्विन्केफॅसिएटसला सांडपाण्याची गटारे मानवतात. निरोगी दलदलीत मासे, चतुर व टाचण्यांची जलचर पिल्ले आणि पाणभुंगेरे डासांच्या अळ्या फस्त करतात. दलदलीत सांडपाणी सोडले की हे भक्षक कमी होतात आणि क्युलेक्स माजतो. म्हणजे दोष दलदलीचा नसून तिच्या गैरवापराचा आहे.

तथापि, संरक्षणाच्या नावाखाली होणारा अन्यायही दुर्लक्षून चालणार नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यारने काठ ओलांडले. विमानतळाची एक धावपट्टी याच नदीवर पूल बांधून पलीकडे नेलेली आहे. तो विमानतळही अनेक दिवस बंद राहिला. पुरानंतर नदीकाठच्या झोपड्यांतील कुटुंबांना दूर पेरुंबाक्कमच्या वसाहतीत हलवण्यात आले, आणि ती वसाहतही पळ्ळीकरणैलगतच्या सखल भागातच आहे. गरिबाची झोपडी अतिक्रमण ठरते, धावपट्टी मात्र विकास ठरते. अशा दुहेरी मापाने राखलेल्या निसर्गाला लोकांचा पाठिंबा लाभत नाही.

महाराष्ट्राने यातून बोध घ्यावा. आपल्याकडेही ‘गायरान’, ‘पडीक’, ‘पोटखराबा’ या नोंदी वाचताच जमीन रिकामी असल्याचा समज होतो आणि प्रकल्पांची नजर प्रथम तिकडे वळते. वस्तुतः माळावरच्या वठलेल्या लाकडात सुतारभुंगे घरटी करतात आणि तेच तुरीच्या फुलोऱ्यावर येतात. किडींवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांना हंगामाबाहेर रानफुलांचा मकरंद व आसरा लागतो. ही सेवा सातबाऱ्यावर कोठेही नोंदली जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. परंतु केवळ कब्जे हटवून भागणार नाही. जमिनीचा उद्देश बदलण्याआधी तिच्यावरील जीवसृष्टीची व जलव्यवस्थेची तपासणी सक्तीची असावी, ती ग्रामसभेपुढे मांडली जावी आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या पशुपालकांचे व मच्छीमारांचे हक्क तीत नोंदले जावेत. कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांकडे या कामाचे ज्ञान आहे. ते महसूल दप्तरापर्यंत पोहोचवणे हीच आता निकड आहे. एकदा भराव पडल्यावर केलेली जैवविविधतेची नोंद केवळ मृत्युलेख ठरते.