तोटा कोणाचा आणि गुंतवणूक कोणाची?

आमच्या सार्वजनिक चर्चेंत कांहीं शब्द असे रूढ होऊन बसले आहेत, कीं त्यांचा उच्चार होतांच पुढील विचार थांबतो. 'तोटा' आणि 'गुंतवणूक' हे असेच दोन शब्द होत. समुद्रांत भर घालून मोटारींसाठीं रस्ता बांधला, तर त्यावर खर्च झालेल्या पैशाला गुंतवणूक म्हणावयाचें. आणि आडगांवच्या मुलींना शाळेंत नेणाऱ्या एस. टी. च्या गाडीला आपला खर्च तिकिटांतून भागवितां आला नाहीं, तर त्या खर्चाला तोटा म्हणावयाचें, असा आमचा रिवाज आहे. हा रिवाज निव्वळ भाषेचा असता, तर आम्हीं त्याची दखलही घेतली नसती. परंतु राज्याचा अर्थसंकल्प याच भाषेंत लिहिला जातो, आणि सरकारचा पैसा कोणाच्या दारापर्यंत पोंचावयाचा व कोणाच्या दारावरून परत फिरावयाचा, हें याच शब्दांनीं ठरतें. म्हणून या शब्दांची झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

ही रीत आजची नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तिचें कौतुक आपण अजून करतों, व तें योग्यही आहे. परंतु त्या लोहमार्गाच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरींतून दिलेली होती, हें त्या कौतुकांत विसरलें जातें. कंपनीला नफा होवो वा न होवो, विलायतेंतील भागीदारांचें व्याज रयतेच्या करांतून चुकतें होई. सर आर्थर कॉटन यांच्यासारखा अनुभवी एंजिनियर 'आधीं कालवे काढा' असें परोपरीनें सांगत होता, पण त्याचें म्हणणें मागें पडलें. आणि ज्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या गर्दीवर रेल्वे चालत होती, त्यांच्या हालांविषयीं महात्मा गांधींना १९१७ सालीं स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पैसा सर्वांचा आणि सोय थोड्यांची, हा पायंडा परकीय सरकारनें असा घालून दिला.

स्वराज्यांत हा पायंडा मोडेल अशी अपेक्षा होती, व आरंभ तरी तसाच झाला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीं अवघा एक आठवडा, मुंबईची ट्राम, बस व वीज यांचा कारभार कंपनीच्या हातून महापालिकेकडे आला. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला एस. टी. ची पहिली गाडी सुटली. प्रवास ही विकत घेण्याची चैन नसून नागरिकाला पुरविण्याची सोय आहे, हें तत्त्व या दोन घटनांनीं मान्य केलें. पुढें पाऊणशें वर्षांत या तत्त्वाचें काय झालें, तें आतां पाहूं.

करोनाच्या सांथीपूर्वीं एस. टी. च्या ताफ्यांत सुमारें १८ हजार गाड्या होत्या. त्यांची संख्या पुढें १५ हजारांच्या आसपास आली. मुंबईच्या बेस्टकडे एके काळीं चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ सालीं त्या तीन हजारांच्या आंत आल्या. याच काळांत मुंबईची वस्ती घटली, कीं खेड्यांतील लोकांनीं बाजार, शाळा व इस्पितळ यांना जाणें सोडून दिलें? घटली ती फक्त सरकारची आस्था. कारण याच काळांत पैशाचा तुटवडा होता, असें म्हणण्यास जागा नाहीं. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा सागरी सेतु खुला झाला. त्याचा खर्च १७ हजार कोटींच्या वर गेला. त्याच वर्षीं ११ मार्चला मुंबईच्या किनारी रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला. त्या प्रकल्पाचा खर्च १४ हजार कोटींच्या घरांत आहे. या दोन्ही मार्गांवर दुचाकीला व रिक्षाला मज्जाव आहे. म्हणजे ज्याच्याजवळ मोटार नाहीं, त्यानें या भव्य कामांचें दर्शन घ्यावें तें बहुधा दुरूनच.

आतां एक साधें त्रैराशिक मांडूं. विजेवर चालणारी, पुऱ्या लांबीची एक बस सुमारें दीड कोटी रुपयांस पडते. एकट्या किनारी रस्त्याच्या खर्चांत अशा नऊ हजारांहून अधिक गाड्या आल्या असत्या. गाडी विकत घेऊन भागत नाहीं, चालक, वाहक, वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च वर्षोवर्षीं लागतो, हें आम्ही जाणतों. पण नेमका येथेंच आमचा मुद्दा आहे. रस्त्यालाही दुरुस्ती लागते, दिवे लागतात, बोगद्यांत हवा खेळती ठेवावी लागते. किनारी रस्त्यावर टोल नाहीं, त्यामुळें वाहनवाल्यांकडून यांतील एक पैही तेथें वसूल होत नाहीं. तरीसुद्धां 'किनारी रस्ता तोट्यांत चालला आहे' असें वाक्य कोणा मंत्र्याच्या तोंडून वाचकांनीं ऐकलें आहे काय? आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. उलट एस. टी. च्या तिकिटावर शेंकडा साडेसतरा इतका प्रवासीकर वर्षानुवर्षें घेतला गेला. गरिबाच्या प्रवासावर कर बसवावयाचा, आणि मग तो प्रवास घडविणारी संस्था तोट्यांत गेली म्हणून तिलाच दोष द्यावयाचा, हा न्याय कोणत्या स्मृतींतला?

उपनगरी रेल्वेची कथा तर याहून दारुण आहे. बारा डब्यांच्या एका गाडींत गर्दीच्या वेळीं साडेचार ते पांच हजार माणसें कोंबलीं जातात. एका चौरस मीटरांत चौदा ते सोळा माणसें उभीं, अशा दाटीला रेल्वेच्या परिभाषेंत स्वतंत्र संज्ञाच आहे; म्हणजे ही स्थिति अपवाद राहिली नसून तिला शास्त्रांत स्थान मिळालें आहे. या मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही सालीं प्रत्येकीं दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं. १४ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या अतिवेगवान गाडीची पायाभरणी झाली. तिचा मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटींचा होता. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनीं, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें सैन्याच्या एंजिनियरांना पाचारण केलें, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें तेथें नवा पूल उभा राहिला. जें काम पांच महिन्यांत होऊं शकत होतें, तें माणसें मरेपर्यंत झालें नाहीं, याचें कारण पैसा नव्हे आणि विद्याही नव्हे. त्या पुलाला अग्रक्रम नव्हता, एवढेंच.

यावर प्रतिपक्षाकडून तीन आक्षेप येतात. पहिला असा, कीं अतिवेगवान गाडीचें कर्ज जपानकडून नाममात्र व्याजानें मिळालें आहे, तें लोकलसाठीं मिळालें नसतें. हें खरें मानलें, तरी स्वस्त कर्ज म्हणजे फुकट पैसा नव्हे. मुद्दल फेडावयाचें तें याच देशाच्या करांतून. आणि जमीन, कुशल माणसें व राज्यकर्त्यांचें लक्ष या गोष्टी तर कोणत्याच पेढीकडून कर्जाऊ मिळत नाहींत. दुसरा आक्षेप असा, कीं मेट्रोवर सरकार अमाप खर्च करीतच आहे. मेट्रोचें आम्ही स्वागत करतों. २०२५ सालीं पूर्ण झालेली आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरांची भुयारी मेट्रो हें उपयुक्त काम आहे. परंतु स्थानकांतून बाहेर पडलेल्या उतारूला घरापर्यंत नेणारी बस नसेल, तर ती मेट्रो स्थानकाजवळ राहणाऱ्यांचीच होऊन राहील. तिसरा आक्षेप असा, कीं लोकांनाच मोटार हवी आहे. २०११ च्या जनगणनेंत मोटार असलेलीं कुटुंबें देशांत शंभरांत पांचही नव्हतीं. नंतरच्या पाहणींतही हा आंकडा दहाच्या आंतच राहिला. तेव्हां 'लोक' या शब्दानें प्रतिपक्षाला कोण अभिप्रेत आहेत, हें त्यानें एकदां स्पष्ट सांगून टाकावें.

तें कोण, हें सांगण्याचें धैर्य आम्हीच करतों. ते आम्ही आहों. म्हणजे हें मासिक वाचणारा, शिकलेला, पांढरपेशा वर्ग. एके काळीं आमचे वडील व आजोबा एस. टी. नें बदलीच्या गांवीं जात, आमच्या आया बेस्टच्या रांगेंत उभ्या राहात. आणि गाडी उशिरा आली, तर दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पत्र छापून येई. पुढें आम्हीं हप्त्यानें मोटार घेतली, आणि त्या रांगेंतून आमच्याबरोबर आमची लेखणीही निघून गेली. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालेला एस. टी. कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. साडेपांच महिने खेड्यापाड्यांची वाट बंद होती. पण आमच्या दिवाणखान्यांत त्याची चर्चा किती दिवस झाली, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. ज्या सेवेचा उपयोग केवळ दुबळ्यांना होतो, ती सेवा हळूहळू स्वतःच दुबळी होते, हा नियम शाळांच्या बाबतींत आपण पाहिलाच आहे.

एस. टी. चा व बेस्टचा कारभार निर्दोष आहे, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मोडक्या गाड्या, घाणेरडीं स्थानकें आणि नोकरभरतीची व कंत्राटांची दिरंगाई यांचा बचाव करण्याचें आम्हांस कारण नाहीं. नुसता पैसा ओतून हे दोष जाणार नाहींत. पण उपाशी ठेवलेल्या माणसाला तो धांवत नाहीं म्हणून फटके मारणें, ही कांहीं सुधारणा नव्हे.

आमच्या मतें पुढील चार गोष्टी तांतडीनें झाल्या पाहिजेत. पहिली : वाहतुकीच्या प्रत्येक मोठ्या कामावर रोज किती माणसें जातील आणि दर माणसामागें किती खर्च येईल, याचें कोष्टक अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळापुढें ठेवावें. मोजावयाचीं तीं माणसें, वाहनें नव्हेत; २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानें हेंच तत्त्व सांगितलें आहे. दुसरी : समाजाच्या गरजेसाठीं ज्या मार्गांवर गाडी चालविणें सरकारला इष्ट वाटतें, त्यांचा मोबदला वर्षाच्या प्रारंभींच करारानें द्यावा. मार्च २०२३ पासून स्त्रियांना दिलेली अर्ध्या तिकिटाची सवलत स्तुत्य आहे; पण सवलतीचें श्रेय सरकारनें घ्यावें आणि तिची परतफेड होईपर्यंतची ओढाताण मंडळानें सोसावी, हें बरोबर नाहीं. तिसरी : रुंद रस्त्यांवर बसला स्वतंत्र मार्गिका द्यावी. पुण्यांत २००६ सालीं हा प्रयोग आरंभिला, अर्धवट ठेवला, आणि पुढें कांहीं ठिकाणीं मोडूनही टाकला. निम्में औषध देऊन रोग बरा झाला नाहीं, तर त्यांत दोष औषधाचा नसतो. चौथी : गर्दीच्या भागांत मोटारीनें वापरलेल्या जागेचें मोल मोटारीकडून घ्यावें. लंडननें फेब्रुवारी २००३ पासून असा आकार बसविला, त्याबरोबरच बसगाड्या वाढविल्या, आणि उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचें कायद्यानें बंधन घातलें.

यांतील एकही गोष्ट अशक्य नाहीं, आणि चारींचा मिळून खर्च एका सागरी सेतूइतकाही येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र या गोष्टींना कोनशिला बसविण्याची सोय नसते. वेळेवर आलेल्या बसचें उद्घाटन होत नाहीं, तिची फीत कापली जात नाहीं, तिचें छायाचित्र पहिल्या पानावर येत नाहीं. ती येते, माणसें चढतात, ती निघून जाते. पण शेवटची गाडी रद्द झाली, म्हणून दहावीनंतर जिचें शिक्षण सुटलें, त्या मुलीचा हिशेब कोणत्या जमाखर्चांत लिहावयाचा? तिची शिकण्याचीं वर्षें हाच खरा तोटा. आणि तिला वेळेवर वर्गांत पोंचविणारी लाल गाडी हीच खरी गुंतवणूक. एवढा एक शब्दार्थ आम्हीं शिकलेल्या लोकांनीं स्वतः दुरुस्त करून घेतला, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाकडून तो वदवून घेतला, तरी या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.