वय झाले म्हणून पोट तुंबत नाही

घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'दोन दिवस पोट साफ नाही' असे सांगितले, की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते. मराठीत 'आता वय झालं', कन्नडमध्ये 'वयस्साय्तु'. दोन्ही भाषांतले हे उत्तर अर्धवटच आहे.

वयाबरोबर मोठ्या आतड्याची हालचाल थोडी मंदावते, हे खरे. पण पुष्कळदा कारणे वेगळीच असतात. दात गेले की जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी सुटते, ताटात उरतो भात आणि सार. म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात रात्री उठावे लागू नये, सुनेची झोप मोडू नये म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून शौचाला जाणे टाळले जाते. लोहाच्या, कॅल्शियमच्या, तसेच रक्तदाबावरच्या आणि वेदनाशामक काही गोळ्यांनीही मलावरोध होतो.

रोज शौचाला झालेच पाहिजे असे नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा फरक निरोगी माणसांत असतो. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत जास्त द्यावे; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून. इसबगोल पेलाभर पाण्याशिवाय देऊ नये. कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवल्यास सोपे जाते.

एका गोष्टीने घरचे हमखास फसतात. आत कडक मळाचा खडा अडकला, की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. जुलाब समजून ते थांबवण्याची गोळी दिली जाते आणि कोंडी आणखी घट्ट होते.

पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली, मळात रक्त दिसले, मळ डांबरासारखा काळा झाला, वजन उतरले किंवा अंगातले रक्त कमी झाले, तर तपासणी टाळू नये. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळीच सापडला तर पुष्कळदा बरा होतो. पोट फुगले, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि वारा सरणेही थांबले, तर मध्यरात्र असली तरी तडक इस्पितळ गाठावे.

मुलासुनेसमोर हा विषय काढायला ही मंडळी संकोचतात. म्हणून आपणच विचारावे, त्यांना मोकळे वाटेल त्या भाषेत. 'अज्जी, होट्टे हेंगैत्री?' असे नातवाने सहज विचारले, तर खरे उत्तर लवकर मिळेल.