आहारविकृती आणि सत्त्वावजय : एक आत्मपरीक्षण

वसई-विरारमध्ये व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांस हा प्रसंग परिचित असेल. कृश, निस्तेज मुलगी आईसोबत येते. "डॉक्टर, हिला भूकच लागत नाही," असे आई सांगते. आपण नाडी व जिव्हा पाहून अग्निमांद्याचे निदान करतो आणि दीपन-पाचन लिहून देतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. अशाच एका मुलीने तिसऱ्या भेटीत, आई क्षणभर बाहेर गेली असता, हलक्या आवाजात सांगितले की तिला भूक भरपूर लागते; ती ती मारते. मलावरोधासाठी आम्ही दिलेले सोनामुखीयुक्त चूर्णही ती वजन उतरावे म्हणून तिप्पट मात्रेत घेत होती. आमचे औषधच तिच्या व्याधीचे साधन झाले होते.

हा अरोचक नव्हे. अरोचकात रुची नसते. येथे भूक असूनही वजनवाढीच्या भयाने अन्न नाकारले जाते. काही रुग्ण अनावरपणे खातात आणि मग वमन वा विरेचन घडवून आणतात. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन बुलिमिया नर्व्होसा या नावाने केले. विरेचनाने मेद फारसा जात नाही. जातात ते पाणी व क्षार. पोटॅशियम घसरून हृदयगती बिघडू शकते. म्हणून वजन कमी करण्यासाठी वमन-विरेचन मागणाऱ्या तरुण रुग्णास पंचकर्म देण्यापूर्वी थांबून प्रश्न विचारणे, हे आपले कर्तव्य ठरते.

अशा रुग्णांना संवादाने बरे करता येते काय? होय. मात्र तो संवाद म्हणजे उपदेश नव्हे. "खात जा गं" असे घरात सर्वांनी सांगून झालेलेच असते. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, वजन फार घटलेले नसल्यास, साधारणतः २० आठवड्यांत २० भेटी होतात. रुग्ण काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि त्या वेळी मनात काय आले, याची नोंद ठेवतो. जेवणाच्या वेळा ठरतात. वजन आठवड्यातून एकदाच, उपचारकासमक्ष पाहिले जाते. स्वतःची किंमत केवळ शरीराच्या आकारावरून ठरविण्याची सवय हळूहळू सैल होते. किशोरवयीनांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या पद्धतीत प्रथम पालक जेवणाची सूत्रे हाती घेतात व मुलगी सावरेल तशी ती तिच्याकडे परत सोपवितात. दोष कोणावरही ठेवला जात नाही. आई-वडील दोघेही पहाटेची विरार लोकल पकडतात, त्या घरांत निदान रात्रीचे जेवण एकत्र व्हावे, येथूनही आरंभ करता येतो.

आपल्याला हे परके वाटू नये. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात सत्त्वावजयास चिकित्सेचा स्वतंत्र प्रकार मानले आहे. चिंता, शोक, भय यांमुळे योग्य मात्रेतील पथ्यकर अन्नही पचत नाही, हे विमानस्थानात सांगितले आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजविली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था घोडबंदरमार्गे आपल्या जवळच आहे.

परंतु श्लोक पाठ असणे म्हणजे सत्त्वावजयाचे प्रशिक्षण नव्हे, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. तसेच केवळ संवादही पुरेसा नाही. अतिकृश रुग्णाचे मन उपासमारीनेच बधिर झालेले असते; पोषण सोबतच व्हावे लागते. त्यातही एकदम बृंहण सुरू केल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून प्राणावर बेतू शकते. मूर्च्छा, मंद नाडी वा झपाट्याने वजनघट दिसल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

आमचे मागणे मोजके आहे. कृश वा वजनाने त्रस्त तरुण रुग्णाशी थोडा वेळ एकांतात बोलावे. मुलगा असला तरीही. काल काय खाल्ले, मासिक स्राव नियमित आहे काय, उपवास किती, कोणते चूर्ण किती मात्रेत, हे निर्भर्त्सना न करता विचारावे. प्रशिक्षित समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांचे साहाय्य घ्यावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकाचा फलक चिकित्सालयात लावावा. आणि आपल्या संघटनेने या विषयावर कार्यशाळा घ्यावी. त्या मुलीने तिसऱ्या भेटीपर्यंत वाट पाहिली. पहिल्याच भेटीत आम्ही विचारले असते, तर तिने कदाचित तेव्हाच सांगितले असते.