धरण खासगी, धोका सगळ्यांचा

हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारे आणि सुट्टीतले फोटो येतात. पण याच बेटांवर उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेली मातीची धरणं आजही उभी आहेत. मळे संपले, साखर कंपन्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. धरणं मात्र सातबाऱ्यावर नाव चढावं तशी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. कवाई बेटाच्या उत्तर भागातलं का लोको हे त्यातलंच एक. 1890 मध्ये बांधलेलं, खासगी जमिनीतलं. 14 मार्च 2006 च्या पहाटे, अनेक आठवड्यांच्या पावसानंतर, ते फुटलं. सुमारे 40 कोटी गॅलन, म्हणजे दीडशे कोटी लिटर पाणी डोंगरउतारावरून समुद्राकडे धावलं आणि वाटेतली घरं सात माणसांसह वाहून गेली. त्यांत एक लहान मूल होतं आणि एक गरोदर स्त्री.

या घटनेला आता बरीच वर्षं झाली. तरी ती पुन्हा सांगायची ती एका प्रश्नासाठी. जमीन माझी, धरण माझं, पाणी माझं, असं मालक म्हणू शकतो. पण धरण फुटल्यावर पाणी ज्या वाटेनं जातं ती वाट कोणाची?

मातीचं धरण म्हणजे थोडक्यात दाबून बसवलेला मातीचा भराव. नीट बांधलं आणि नीट राखलं तर ते शतकभर टिकतं. पण एक गोष्ट त्याला अजिबात सोसत नाही, ती म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. काँक्रीटचं धरण एखादवेळी ते सहन करेल. मातीचा भराव मात्र काही तासांत खरवडून जातो. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात, जास्तीचं पाणी माथ्यापर्यंत चढण्याआधीच सुरक्षित निघून जावं म्हणून. दहा-पंधरा वर्षं सांडव्याला पाणीच लागलं नाही, की ती जागा रिकामी आणि वाया गेल्यासारखी दिसते. पण ती राखायची असते त्या एका रात्रीसाठी.

का लोकोला त्या रात्री सांडवा उपलब्धच नव्हता. राज्य सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तपासाचा अहवाल जानेवारी 2007 मध्ये आला. सांडवा बहुधा बुजवला गेला होता आणि त्यामुळे पाणी माथ्यावरून गेलं, असं त्यात म्हटलं होतं. मालक जेम्स फ्लूगर यांनी सांडवा बुजवल्याचा आरोप मान्य केला नाही. पुढे 2013 मध्ये त्यांनी इतरांचा जीव धोक्यात घालण्याच्या एका आरोपाला न्यायालयात विरोध केला नाही, आणि 2014 मध्ये त्यांना सात महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या कंपनीवर मनुष्यवधाचे सात आरोप कायम झाले.

सगळा दोष एका माणसावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. त्या अहवालाने तसं केलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने राज्य सरकार आणि स्थानिक काउंटी प्रशासन यांच्याकडेही बोट दाखवलं. राज्याच्या धरण सुरक्षा विभागाने या धरणाची कधी तपासणीच केली नव्हती. कागदावर ते ‘कमी धोक्याचं’ होतं, म्हणून यादीत खाली आणि खाली म्हणून दुर्लक्षित. त्या मालमत्तेवर परवानगीशिवाय माती हलवली जातेय म्हणून काउंटीने 1997 मध्ये काम थांबवण्याची नोटीस दिली होती, पण तिचा पाठपुरावा झाला नाही. म्हणजे मालक, राज्य आणि काउंटी अशा तीन ठिकाणी प्रत्येकी एक माणूस जागा असता, तरी पुरलं असतं.

इथे ‘धोका’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेत धरणाची जोखीम-श्रेणी त्याच्या प्रकृतीवरून ठरत नाही, फुटलं तर काय होईल यावरून ठरते. जीवितहानी होणार असं दिसलं की ‘हाय हॅझर्ड’, मग धरण ठणठणीत का असेना. उलट कमी जोखमीच्या यादीतलं धरण गळकं असू शकतं. आणि ही श्रेणी कायमची नसते. सत्तर वर्षांपूर्वी शेताला पाणी द्यायला बांधलेल्या धरणाखाली तेव्हा फक्त माळरान असतं. मग शहर वाढतं, बिल्डर येतो, पायथ्याशी कॉलनी उभी राहते. धरणाची माती बदललेली नसते, पण आता तिच्याखाली माणसं राहू लागलेली असतात.

हे दुखणं फक्त हवाईचं नाही. 9 मे 2018 रोजी केनियातल्या नाकुरू परगण्यात सोलाई इथे एका मोठ्या शेतमळ्यातलं मातीचं धरण फुटलं आणि किमान 47 माणसं गेली. मळा भारतीय वंशाच्या कुटुंबाचा. धरणाला परवाना नव्हता, असं तिथल्या जलसंपत्ती प्राधिकरणाने सांगितलं. मग परवाना नसलेलं धरण इतकी वर्षं उभं कसं राहिलं, हा प्रश्न मालकाइतकाच प्राधिकरणालाही लागू होतो.

मालक सरकार असलं की सगळं ठीक, असंही नाही. पानशेत आपण विसरलेलो नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचं आणि सरकारी. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांवर खापर फुटलं आणि महाराष्ट्रभर विनोद झाले. खरं तर बिळं करणारे प्राणी मातीच्या धरणाला कमकुवत करतात हे खोटं नाही. अमेरिकेत ‘फेमा’ने धरणमालकांसाठी या विषयावर पुस्तिकाच काढली आहे. पण तिचा अर्थ असा, की बिळं शोधा, बुजवा, भराव सतत पाहत राहा. खेकडा हे कारण असू शकतं, सबब नाही.

मग करायचं काय? का लोकोनंतर हवाईने 2007 मध्ये नवा कायदा केला. अधिकाऱ्यांना खासगी जागेत शिरून तपासणी करण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला, पाणी साठवायला प्रमाणपत्र लागू लागलं, दंड वाढला. ही दिशा बरोबर आहे. पण तपासणीनंतर पैशाचा प्रश्न येतोच. ओआहू बेटावरचं वहियावा धरण 1906 मधलं, डोल कंपनीच्या मालकीचं. त्याचा सांडवा अपुरा असल्याचं राज्य सरकार वर्षानुवर्षं सांगत होतं. शेवटी 2023 मध्ये, हे धरण राज्यानेच घ्यावं आणि सांडवा दुरुस्त करावा, यासाठी विधिमंडळाने निधीची तरतूद केली. मळ्याचा फायदा एका पिढीने घेतला, दुरुस्तीचं बिल दुसऱ्या पिढीच्या करदात्यांकडे आलं. म्हणून दुरुस्तीची तरतूद मालकाकडून आधीच, दरवर्षी बाजूला काढून घेतली पाहिजे. आणि ज्याचा उपयोग संपलाय ते धरण रिकामं करून सुरक्षितपणे काढून टाकायला मदत मिळाली पाहिजे.

‘सरकारने खासगी मालमत्तेत नाक खुपसू नये’ हा सूर अमेरिकेत ताकदीचा आहे. टेक्सासने तर अनेक लहान खासगी धरणांना, ती कमी लोकवस्तीच्या काउंटीत आणि कमी किंवा मध्यम जोखमीची असतील तर, सुरक्षा नियमांतून सूट दिली आहे. लहान शेतकऱ्यावर खर्चाचा बोजा नको, ही त्यामागची अडचण खरी आहे. पण पायथ्याशी घरं वाढली की श्रेणी बदलायला हवी, आणि ती बदलण्यासाठी कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं. सूट द्यायचीच तर दुरुस्तीच्या खर्चात द्या, बघण्यात नको. भारताच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यातही 15 मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरची धरणं येतात. त्याहून लहान बाहेरच राहतात.

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. अमेरिकेतल्या नव्वद हजारांहून अधिक नोंदलेल्या धरणांपैकी निम्म्याहून जास्त खासगी आहेत, आणि त्यातली कितीतरी घरमालक संघटनांची. आपण ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे मोजून घर घेतो, तो लेक बऱ्याचदा एखाद्या जुन्या मातीच्या धरणामागचा तलाव असतो. म्हणजे दरमहा देणगी भरावी तसे एचओएचे पैसे भरणारा प्रत्येक जण त्या धरणाचा अंशतः मालक! ऑक्टोबर 2015 च्या पावसात साउथ कॅरोलायनात सुमारे 50 धरणं फुटली, त्यात अशा संघटनांची धरणंही होती.

आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या राष्ट्रीय धरण नोंदीत आपला भाग शोधायला पाच मिनिटं पुरतात. धरणाचा मालक कोण, जोखीम-श्रेणी कोणती, शेवटची तपासणी कधी झाली, हे तिथे बघता येतं. घर घेताना शाळेचं रेटिंग आपण दहादा तपासतो. वरच्या अंगाला धरण आहे का, हे एकदा तपासायला हरकत नाही. तलाव संघटनेचा असेल तर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा: सांडवा मोकळा आहे का, भरावावर झाडं वाढली आहेत का, आणि आणीबाणीत खालच्या घरांना फोन कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत बैठक संपू देऊ नका.