संगणकाचे सुकाणू कोणाच्या हाती?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात, मासेमारांच्या एका सहकारी संस्थेच्या कचेरीत, मासेमारीबंदीच्या दिवसांत एक छोटी सभा झाली. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. जाळी सांधण्याचे आणि हिशेब पुरे करण्याचे हे दिवस. सभेपुढे विषय होता संस्थेच्या तीन संगणकांचा. विक्रेत्याने सांगून ठेवले होते की विंडोज १० चे दिवस भरले, ही यंत्रे विंडोज ११ पेलणार नाहीत, तेव्हा तिन्ही भंगारात काढून नवी घ्यावीत. एका सभासदाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने उलट सुचवले की, याच यंत्रांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवावी. तिला पैसे पडत नाहीत. तासभर वाद झाला. अखेर एका वृद्ध तांडेलाने विचारले, "यंत्र बिघडले आहे काय?" चिटणीस म्हणाले, "नाही." त्यावर तांडेल म्हणाला, "मग ते मेले असे ठरवले कोणी?"

सभेत बसलेल्या प्रस्तुत लेखकाला त्या तासाभरात ऐकलेला हा सर्वांत राजकीय प्रश्न वाटला. परंतु बाहेर पडल्यावर आमच्याच एका कार्यकर्त्याने शेरा मारला की हा तांत्रिक विषय आहे, त्यात पक्षाने डोके घालू नये. हे मत पक्षात अनेकांचे आहे आणि ते साफ चुकीचे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे बाकी सारे कार्यक्रम यांच्यामधला मूळ कार्यक्रम. तिच्यावाचून संगणक म्हणजे सुकाणूवाचून होडी. विंडोज १० ची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत. मात्र सुरक्षेतील भोके बुजवण्याचे काम थांबले आणि दरोडेखोरांना दार उघडे राहिले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० या सुरक्षा-चकतीची आणि ठरावीक पिढीनंतरच्या प्रक्रियकाची अट घातली. संस्थेची २०१६ साली घेतलेली, रोज बिनतक्रार चालणारी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. अशी जगभर सुमारे २४ कोटी यंत्रे निकामी ठरतील, असा अंदाज कॅनलिस या बाजारपाहणी संस्थेने २०२३ साली वर्तवला होता. तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. यंत्र मेले नाही, त्याला मृत घोषित केले गेले. आणि घोषणा करणारा पंच नव्या यंत्राबरोबर आपली नवी प्रणालीही विकणार आहे.

कंपनीने वाढीव देखभालीची सोय ठेवली, पण तिचे दर पाहावेत. संस्थांसाठी पहिल्या वर्षाला प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, तेही फार तर तीन वर्षे. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वर्षासाठी ३० डॉलर, किंवा त्याने आपली मांडणी कंपनीच्या साठ्यात जमा केली तर फुकट. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात तेथील घरगुती ग्राहकांना हे वर्ष त्या अटीवाचून फुकट दिले. एकच माल, एकच कंपनी. जेथे ग्राहक संघटित तेथे एक न्याय, जेथे तो विस्कळीत तेथे दुसरा. हा विषय तांत्रिक आहे असे अजूनही कोणाला म्हणायचे आहे काय?

आमच्या चळवळीला हा अनुभव नवा नाही. आयबीएम कंपनी या देशात जुनाट यंत्रे जबर भाड्याने देत असे. १४०१ हे तिचे यंत्र बाहेर कालबाह्य झाल्यावरही येथे राबत होते. जनता सरकारने परकी चलन कायद्यानुसार तिला भागभांडवलातील वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस ठाम राहिले आणि १९७८ साली कंपनीने गाशा गुंडाळला. देश बुडाला नाही. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने उचलली. त्याही आधी, याच मच्छीमार नगराच्या दक्षिणेला कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधून १९६० साली चालू केला होता. आम्हाला जमणार नाही हे रडगाणे इतिहासाला मान्य नाही.

त्याच वेळी आमच्या हातून घडलेली चूकही कबूल केली पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विम्यातील कामगारांनी संगणकाला विरोध केला, तो नोकऱ्यांच्या रास्त भीतीपोटी. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी करार करून मर्यादित संगणकीकरण स्वीकारले. या साऱ्या काळात यंत्र यावे की न यावे यावर आम्ही रान उठवले. आलेले यंत्र कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न आम्ही नेटाने विचारला नाही. यंत्र आले, आणि त्याच्याबरोबर मालकही आला.

हा मालक दोर कसा खेचू शकतो, ते २०२५ च्या जुलैत दिसले. गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी कंपनीवर, तिच्यातील रशियन भागभांडवलामुळे, युरोपीय संघाने निर्बंध लादले. ते निर्बंध भारताच्या कायद्याने लादलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने भारतातल्या या कारखान्याच्या सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. नायरा ही काही गरिबांची संस्था नव्हे आणि तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु एवढ्या बलाढ्य कारखान्याचा टपाल-व्यवहार जर परक्या कचेरीतून तोडता येतो, तर मच्छीमार नगरच्या संस्थेने कोणत्या न्यायालयात जावे?

आणि तिच्या संगणकात असते तरी काय? सभासदांची यादी, डिझेलवरील कराच्या परताव्याचे हिशेब, बर्फाची उधारी, होड्यांची नोंदणी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेकी याच किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर मासेमाराच्या गळ्यात ओळखपत्रांचे आणि कागदांचे जाळे पडले. आज नौकेची नोंदणी व परवाना रिअलक्राफ्ट या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून जातो. मासेमाराला संगणक नको असे म्हणण्याची सोयच शासनाने ठेवलेली नाही. म्हणून तो कोणाच्या मर्जीने चालतो, हा थेट पोटाचा प्रश्न आहे.

आता लिनक्सविषयी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिलेला गाभा यांतून ही प्रणाली उभी राहिली. तिची संहिता उघडी आहे. ती वाचावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच की गाभ्यात बदल करून तो पुढे वाटणाऱ्याने आपला बदलही तसाच उघडा ठेवावा. मासेमाराला हे तत्त्व शिकवावे लागत नाही. फाटलेले जाळे तो स्वतः सांधतो. जाळे विकणाऱ्याने "सांधायचे नाही, दर दहा वर्षांनी नवे घ्यायचे" अशी अट घातली असती तर त्याने त्या जाळ्यासकट विक्रेत्याला पाण्यात टाकले असते.

आक्षेप तीन आहेत. पहिला, फुकटचे ते हलके. हा अज्ञानाचा आक्षेप आहे. केरळच्या सरकारी शाळांतून २००१ साली सुरू झालेला संगणक-शिक्षणाचा प्रकल्प पुढे मुक्त प्रणालीवर नेण्यात आला आणि तेथली मुले त्यावरच शिकतात. आपल्याच प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, लिनक्सवरून 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त संहितेचे धोरणही जाहीर केले.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिशेबाचा टॅली हा कार्यक्रम विंडोजसाठी बनलेला आहे. डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालवताना डोकेफोड होते. जुनी मराठी पत्रे श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत अडकली आहेत. त्या प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे तो टंक नसेल तर आपलेच इतिवृत्त आपल्याला वाचता येत नाही. पण या अडचणी आल्या कोठून? त्या मक्तेदारीनेच पेरल्या. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी सर्वत्र सारखेच दिसते. जुने दस्त त्यात उतरवता येतात. काम कंटाळवाणे आहे, अशक्य नाही.

तिसरा आक्षेप असा की शिकवणार कोण? २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो तरुण गेले. संगणकाची ओळख गावोगाव पोचवली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु विंडोज आणि वर्ड यांनाच संगणक समजणारी पिढीही त्यातूनच घडली. सरकारी नोकरीच्या उमेदवारांनी पदरचे शुल्क भरून एका खाजगी कंपनीच्या मालाची सवय लावून घ्यावी, हा कोणता लोककल्याणाचा न्याय?

मात्र मुक्त प्रणालीच्या भोळ्या भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. लिनक्सचा व्यापार करणारी रेड हॅट ही कंपनी २०१९ साली विकत घेतली ती आयबीएमनेच. तांडेलाच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच, तरी त्यावर हुकमत गूगलची चालते. संहिता उघडी असली म्हणून सत्ता आपोआप लोकांकडे येत नाही. उघडी संहिता हा हक्क आहे, आणि हक्क बजावण्यास संघटना लागते. तेवढी असली तर मालक बदलला तरी संहिता घेऊन दुसरी चूल मांडता येते. रेड हॅटने सेंटओएस ही मोफत प्रणाली बंद करण्याचे २०२० साली ठरवले, तेव्हा वापरणाऱ्यांनी नेमके तेच केले. विंडोजच्या ग्राहकाला हा मार्गच नाही.

तेव्हा लिनक्स वापरण्याजोगी आहे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर होय असे आहे. पण ती फुकट आहे म्हणून नव्हे, आपली होऊ शकते म्हणून. सभेतही अखेर शहाणपणाचा निर्णय झाला. दोन यंत्रांवर लिनक्स बसवायची, टॅली आणि सही यांसाठी तिसरे तूर्त तसेच ठेवायचे, सर्व नोंदींच्या प्रती बाहेर काढून ठेवायच्या आणि नव्या हंगामात अनुभव पाहून पुढचे ठरवायचे.

पक्षाने यापुढे जावे. आपल्या कचेऱ्या, पतसंस्था आणि कामगार संघटना यांतील यंत्रांवर हा प्रयोग प्रथम करावा. स्वतः न करता दुसऱ्याला उपदेश करणे आम्हाला शोभणार नाही. प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरुणांना ही प्रणाली बसवण्यास व दुरुस्त करण्यास शिकवावे. राज्य शासनाकडे तीन मागण्या रेटाव्यात: सरकारी संगणकीय सेवा कोणत्याही प्रणालीवरून चालाव्यात, एमएस-सीआयटीत मुक्त प्रणालीला बरोबरीचे स्थान मिळावे, आणि चालू यंत्र केवळ कंपनीच्या घोषणेपायी भंगारात काढणाऱ्या सरकारी खरेदीस मनाई असावी.

या वस्तीच्या डोक्यावर मनोरे उभे राहिले, समोरचा समुद्र भरावाने मागे हटला. किनारा कोणाचा, हा झगडा मच्छीमार नगराला ठाऊक आहे. कचेरीतल्या टेबलावर तोच झगडा आता लहान रूपात येऊन बसला आहे. तेथे तो विक्रेत्यावर सोपवून आपण मोकळे झालो, तर सुकाणू आपल्या हातून गेल्याची तक्रार उद्या कोणाकडे करणार?