एका आठवड्याचे प्रश्न



सरत्या आठवड्यात लोकांनी इंटरनेटवर सर्वाधिक काय शोधले, याची एक लहानशी चौकट हल्ली वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसते. क्रिकेटचा सामना, नवा चित्रपट, परीक्षेचा निकाल, सोन्याचा भाव असे विषय तीत बहुधा असतात. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. माझे मात्र तसे होत नाही. उभे आयुष्य दुसऱ्यांची खाती तपासण्यात गेल्यामुळे कोणताही उतारा समोर आला की त्यामागचा माणूस शोधण्याची खोड मला लागली आहे. ही यादीसुद्धा एक उताराच आहे. फरक एवढाच की, तीत रकमा नसून प्रश्न असतात.

आज अशाच एका आठवड्याविषयी लिहायचे आहे. तो ताजा नाही. रविवार, ६ नोव्हेंबर ते शनिवार, १२ नोव्हेंबर २०१६ असा तो आठवडा होता. आपल्यापैकी कोणाच्याही दुकानात त्याची आठवण पुसली गेली नसेल.

त्या वर्षी दिवाळी ३० ऑक्टोबरला होती. वहीपूजन झाले होते, नव्या वह्यांच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक अजून ओले वाटावे इतके ताजे होते. ५ नोव्हेंबरला ज्ञानपंचमी झाली. तिलाच आपण लाभपंचमी म्हणतो आणि त्या मुहूर्तावर कामाला सुरुवात करतो. वर्धा जिल्ह्यात हे दिवस कापसाचे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी या बाजारांकडे कापसाच्या गाड्या लागलेल्या, जिनिंगची यंत्रे सुरू झालेली आणि शेतकऱ्याचा चुकारा बव्हंशी रोखीने होणारा. अशा वेळी मंगळवारी, ८ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली की, मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद होतील. देशातील चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग या दोन नोटांचा होता.

त्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान होते. साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले होते. भारतातील माणूस मात्र हातातल्या मोबाइलला दुसरेच प्रश्न विचारत होता.

जवळचे एटीएम कोठे आहे? नोटा किती बदलून मिळतील? ओळखपत्र कोणते लागेल? दोन हजारांच्या नव्या नोटेत खरोखर चिप आहे काय? हे प्रश्न भीतीचे आणि गरजेचे होते. पुढे त्याच महिन्यात गूगलने भारतातील आपल्या मुखपृष्ठावर जवळचे एटीएम शोधण्याची सोय करून दिली, यावरून ती गरज किती मोठी होती हे समजावे. चिपची कथा अफवाच ठरली.

परंतु या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न त्या रात्री एकाएकी वर आला. काळा पैसा पांढरा कसा करावा? घोषणेनंतर थोड्याच वेळात या प्रश्नाचा आलेख उभ्या कड्यासारखा चढला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बातम्या झाल्या. तो विचारणाऱ्या आघाडीच्या राज्यांत गुजरातबरोबर आपल्या महाराष्ट्राचेही नाव होते.

येथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे, कारण आकड्यांचा अर्थ लावताना व्यापारी आणि बँकवाला या दोघांनीही घाई करू नये. गूगल ट्रेंड्स नावाच्या ज्या सोयीतून हे आलेख मिळतात, तीत किती माणसांनी शोधले हा आकडा नसतो. एकूण शोधांमध्ये त्या प्रश्नाचा वाटा किती होता, हे शून्य ते शंभर या मोजपट्टीवर दाखवलेले असते. ज्या क्षणी तो वाटा सर्वाधिक, त्या क्षणाला शंभर. एकाच माणसाने थोड्या वेळात तोच शोध पुन्हा पुन्हा घेतला तर तो गाळला जातो आणि विचारणाऱ्याचे नाव कोठेही येत नाही. म्हणून त्या रात्री प्रश्न विचारणारा प्रत्येक जण तिजोरीपुढे बसला होता, असे समजणे अन्यायाचे होईल. कोणी कुतूहलाने विचारले असेल, कोणी थट्टेने, कोणी बातमी लिहिण्यासाठी. अनेकांताचे संस्कार असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. तरीही सर्व सवलती देऊन झाल्यावर काही बाकी उरतेच. त्या बाकीतील एक नोंद मला माहीत आहे.

बुधवारी बँका बंद होत्या. गुरुवारी, १० तारखेला सकाळी शाखेचे दार उघडले तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. माणशी चार हजार रुपये बदलून मिळत होते. खात्यातून दिवसाला दहा हजार आणि आठवड्याला वीस हजार काढता येत होते. शंभराच्या नोटा दुपारपर्यंत संपल्या. रात्री साडेनऊला मी घरी पोहोचलो, तेव्हा बैठकीत आमच्याच समाजातील एक वयोवृद्ध व्यापारी बसले होते. त्यांना मी बाबूजी म्हणत असे. मी कॉलेजात असताना एका वर्षी माझी फी त्यांनी भरली होती आणि त्याचा उच्चार त्यांनी पुन्हा कधी केला नव्हता. त्यांच्याबरोबर बारावीतला नातू होता आणि दोघांच्या मध्ये एक कापडी पिशवी होती.

पिशवीत सहा लाख रुपये होते. चोरीचे नव्हते, लाचेचेही नव्हते. बिल न फाडता झालेल्या विक्रीचे, वर्षानुवर्षे थोडेथोडे बाजूला ठेवलेले होते. बाबूजी म्हणाले, "दुकानातल्या माणसांची, हमालांची आधार कार्डे मी गोळा करतो. रोज दहा-बारा अर्ज येतील. तू फक्त काउंटरवर सांगून ठेव." मी काही बोलण्याआधी नातवाने मोबाइल पुढे केला. "काकाजी, यात असेच लिहिले आहे. आजोबांनी मला शोधायला सांगितले होते."

मला त्या रकमेपेक्षा त्या मुलाच्या चेहऱ्याने अधिक अस्वस्थ केले. परीक्षेतील उत्तर सापडल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता. मी नाही म्हणालो. फार शब्द वापरले नाहीत, आणि वापरले ते बहुधा नीट वापरले नाहीत. बाबूजींनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नव्हते काय? होते. त्याच वर्षी १ जून ते ३० सप्टेंबर या काळात सरकारने उत्पन्न जाहीर करण्याची योजना आणली होती. तीत कर, अधिभार आणि दंड मिळून ४५ टक्के भरून मोकळे होता येत होते. नोटाबंदीच्या सव्वा महिना आधी ते दार बंद झाले होते. पुढे १७ डिसेंबर २०१६ ते ३१ मार्च २०१७ या काळात प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेचे दुसरे दार उघडले. तीत सुमारे ५० टक्के भरायचे होते आणि आणखी २५ टक्के रक्कम चार वर्षे बिनव्याजी अडकणार होती. दुसऱ्याच्या नावावर पैसा फिरवण्याचा मार्ग मात्र धोक्याचा झाला होता. बेनामी व्यवहारांचा सुधारित कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासूनच लागू झाला होता आणि त्यात सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. ज्या हमालाचे आधार कार्ड आपण मागणार, त्यालाही आपण त्या जोखमीत ओढणार होतो. मोबाइलवरच्या उत्तरात हे बारीक अक्षर नव्हते.

देशाचा हिशेबही सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के मूल्याच्या नोटा बँकांकडे परत आल्या. त्यातील किती पांढऱ्या होत्या आणि किती पांढऱ्या करून आणल्या, हे कोणत्याही आलेखावर दिसणार नाही. ते ज्याच्या त्याच्या वहीत आहे.

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख मला शोभला असता. पण तो खरा झाला नसता. त्याच गुरुवारी माझ्या पाकिटात पाचशेच्या आठ नोटा होत्या. चार हजारांची मर्यादा मला लागू होतीच, नियमाचा भंग नव्हता. परंतु मी रांगेत उभा राहिलो नाही. अर्ज भरला, ओळखपत्राची प्रत जोडली आणि काउंटरच्या आतल्या बाजूने नोटा बदलून घेतल्या. त्या वेळी काचेपलीकडे सेलूकडच्या एका खेड्यातून आलेली एक बाई पहाटेपासून उभी होती. तिचा क्रमांक येईपर्यंत शंभराच्या नोटा संपल्या आणि तिला दोन हजारांच्या दोन नोटा घेऊन जावे लागले. त्या दोन नोटांचे तिच्या गावात सुटे कोण देणार होते? माझ्या पाकिटात शंभराच्या चाळीस नोटा होत्या. त्या रात्री बाबूजींना नाही म्हणताना माझा आवाज नको तितका चढला, त्याचे कारण आता मला कळते.

आपल्या शास्त्रकारांना व्यापारी माणसाचे मन पुरते ठाऊक होते. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्या बरोबरीने विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून केलेला व्यवहार, हाही मोजला आहे. श्रावक प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो. आणि दोष केवळ करण्यात नसतो. करविणे आणि अनुमोदणे ही त्याचीच अंगे आहेत. आजोबांनी नातवाला शोधायला सांगितले, ते करविणे झाले. आपल्या घरांत आज कितीतरी प्रश्न मुलांच्या बोटांनी विचारले जातात, कारण आपल्याला टंकलेखन जमत नाही. प्रश्न आपला असतो, संस्कार त्यांच्यावर होतो.

त्या आठवड्यातील प्रश्नाचा दुसरा दोष मला पुष्कळ उशिरा ध्यानात आला. तो 'कसा' या शब्दात आहे. 'करावा काय?' हा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही, म्हणून माणूस 'कसा करावा?' एवढेच विचारतो. आणि यंत्र आज्ञाधारक नोकरासारखे उत्तर देते. पहिला प्रश्न विचारण्यासाठी घरात कोणीतरी माणूस लागतो.

महात्मा गांधी १८९१ साली विलायतेतून परतले, तेव्हा मुंबईत त्यांची भेट रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी झाली. ते जवाहिरांचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलेली एक गोष्ट मला सदैव लक्षणीय वाटते. त्यांच्याजवळ एखादे धर्मपुस्तक किंवा स्वतःची वही असायचीच आणि व्यवहाराचे बोलणे संपले की ते लगेच ती उघडत. पुढे १९३६ पासून आपल्या सेवाग्रामला राहून पैन्‌पैचा हिशेब ठेवणाऱ्या गांधीजींवर या व्यापाऱ्याचा ठसा होता, हे वर्धेकरांनी विसरू नये. काम संपताच हात कशाकडे जातो, यावरून माणूस ओळखावा. राजचंद्रांचा हात वहीकडे जाई. आपला मोबाइलकडे जातो. तिथे आपण काय टंकतो, ते गूगल नाव गाळून आलेखात मांडते. आपल्यापुरते ते नावासकट असते.

बाबूजींनी अखेर काय केले, ते मला पुढच्या संवत्सरीला समजले. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायला ते स्वतः आले होते. सर्व रक्कम त्यांनी स्वतःच्या खात्यात भरून दुसऱ्या योजनेत जाहीर केली होती. सहा लाखांतले जवळपास तीन लाख गेले. मी त्यांना आठ नोटांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझे चार हजार माझ्या सहा लाखांपेक्षा जड आहेत. तुला नियम ठाऊक होता." आज ते हयात नाहीत.

दुकान आता नातू पाहतो. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा सहज म्हणाला, "काकाजी, त्या रात्री आजोबा घरी येऊन मला म्हणाले होते, तो प्रश्न पुसून टाक. मी पुसला. पण तो विचारला होता हे काही पुसले गेले नाही." दुकानात त्याने कच्ची वही ठेवलेली नाही, हे मी न विचारता त्याने सांगितले.

वाचकांना एवढीच विनंती. या रविवारी सायंकाळी मोबाइलमधील शोधांची यादी उघडा. गेल्या आठवड्यात आपण काय काय विचारले, ते एकदा स्वतः वाचा. कोणाला दाखवू नका. रोजमेळ तपासताना जितक्या शांतपणे तपासतो, तितक्याच शांतपणे वाचा. आणि एखाद्या नोंदीपाशी बोट थांबले, तर तो प्रश्न यंत्राऐवजी घरातील कोणाला विचारता आला असता, एवढे मनाशी लिहून ठेवा.